अर्जदाराचे कुठेही पक्के घर नाही

ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी घातलं की पीठ बोटांना चावतं. पहिल्या दहा भाकरींपर्यंत चावतं. मग बोटं आणि पीठ एकमेकांना ओळखायला लागतात.

ज्याच्या नावावर ट्रॅक्टर आहे तो माणूस गरीब नाही. ट्रॅक्टर चालतो की चाकं काढून बाभळीखाली उभा आहे, हे कागद विचारत नाही.

पंचमीला माहेरी आलेल्या लेकीला पहिल्या दिवशी कोणी कामाला लावत नाही. दुसऱ्या दिवशी लावतात.

"तुम्हाला काय बाई, आता हक्काचं घर! माझी खोली तेवढी तीस तारखेला रिकामी द्या."

मंत्रालयात एका साहेबांनी कडक भाकरीचा तुकडा मोडला, तेव्हा एवढा आवाज झाला की बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला.

भावानं पुढं केलेला कागद बहिणीनं वाचू नये.

रकाना नऊ.

जगदेवीची गोष्ट यातल्या कुठल्याही तुकड्यापासून सुरू करता येते, आणि कुठूनही केली तरी माणूस रकाना नऊपाशी येऊनच अडकतो. तेव्हा आधी बाई कोण, ते सांगितलेलं बरं. अर्जातही तेच आधी विचारतात.

रकाना १. अर्जदाराचे संपूर्ण नाव, वय, व्यवसाय

जगदेवी सिद्धलिंगप्पा तोळनुरे. वय सत्तेचाळीस. कडक भाकरी करणे.

सिद्धलिंगप्पा हा नवरा. तो गेला तेव्हा जगदेवी बत्तीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तेराव्यानंतर तिला माहेरी पोचवलं आणि परत न्यायला कोणी आलं नाही. माहेर अक्कलकोटच्या खाली, कर्नाटकच्या शिवेला लागून. तिथं एक वर्ष मातीच्या भिंतीच्या वेगळ्या खोलीत काढून ती सोलापुरात आली, ती हातातली एकच विद्या घेऊन.

कडक भाकरी म्हणजे काय हे सोलापुरात कोणाला सांगावं लागत नाही, पण ती कुठं होते हे मात्र कोणी विचारत नाही. ती होते दहा बाय दहाच्या खोल्यांत. भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेनं उभी करून कडक होईपर्यंत वाळवायची. जगदेवी दिवसाला सव्वाशे करायची. सव्वाशे भाकरी म्हणजे सव्वाशे वेळा धपधप आणि सकाळभर धूर. घरमालकांना भाकरी आवडते, पण धपधप आणि धूर आवडत नाही. पहिल्या तीन वर्षांत जगदेवीनं पाच खोल्या बदलल्या. पाचव्या खोलीतून निघताना तिच्यासोबत त्याच गल्लीतल्या अजून चार भाकरीवाल्या निघाल्या होत्या. पाच बायका, पाच पराती, पाच तवे. भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी एकमेकींकडं बघितलं आणि समिती तिथंच झाली. नाव नंतर ठेवलं.

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. निवेदनं, मोर्चे, सगळं झालं. एकदा कलेक्टर कचेरीसमोरच्या फुटपाथवर चाळीस चुली पेटवून धरणं दिलं. बंदोबस्ताला आलेले पोलीस अडीच वाजता शेंगाचटणी मागायला लागले. मागणी साधी होती. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट नको. तिथं चूल पेटवता येत नाही. जमिनीवरची बैठी घरं द्या, परवडतील अशी, आणि अठ्ठावीस घरांमागं एक सामायिक चूलघर द्या, उंच धुराड्याचं.

आणि सरकारनं दिलं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दिलं. एकशे बारा घरं, चार चूलघरं. यादी लागली. जगदेवीचा क्रमांक एक्केचाळीस.

रकाना ४. सध्याचा पत्ता

हा रकाना लिहिताना जगदेवीला दर वेळी हसू यायचं. ती राहायची ते घरही गरिबांसाठीच बांधलेलं होतं, आधीच्या कुठल्या तरी योजनेत. ते मिळालं होतं राजेश्वरीबाईंना. राजेश्वरीबाई जुळे सोलापुरात तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायच्या आणि महिन्याच्या पाच तारखेला स्कूटीवरून भाड्याला यायच्या. वाईट नव्हत्या. चुलीचा धूर चालवून घ्यायच्या, कारण शेजारी सगळेच असे पोटभाडेकरू होते आणि तक्रार कोण कोणाची करणार?

यादी लागली त्याच आठवड्यात राजेश्वरीबाई पेढे घेऊन आल्या. जगदेवीला मिठी मारली. आणि मग तीस तारखेचं बोलल्या. खोली त्यांनी विकायला काढली होती. गिऱ्हाईक तयार होतं.

"तुमच्यामुळंच मी थांबले होते हो इतके दिवस," त्या म्हणाल्या. "मनात म्हटलं, बाईचं घर झाल्याशिवाय हिला बाहेर काढायचं नाही."

जगदेवीनं त्यांच्या हातावर पेढ्याचा अर्धा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "तीस म्हणजे तीस. काळजी करू नका."

रकाना ९. अर्जदाराच्या नावे राज्यात कुठेही पक्के घर आहे काय? (होय / नाही)

हा रकाना जगदेवीचा.

तिनं नुसता भरला नव्हता, तो तिनं सांगितला होता, शब्दाला शब्द. तीन वर्षांपूर्वी मंत्रालयात बैठक झाली, तेव्हा समितीच्या चौघी गेल्या होत्या. पिशवीत भाकरीची चवड आणि चटणी. साहेबांनी तुकडा मोडला, शिपाई डोकावला, सगळे हसले. मग साहेब म्हणाले, "घरं तर देऊ. पण मागच्या वेळेसारखं होऊ नये यासाठी अट काय घालू, ते तुम्हीच सांगा."

मागच्या वेळेसारखं म्हणजे राजेश्वरीबाईंसारखं. बार्शीत बंगला असलेल्यांनी, जुळे सोलापुरात फ्लॅट असलेल्यांनी प्रतिज्ञापत्रावर 'माझे घर नाही' लिहून घरं उचलली आणि गरिबांना भाड्यानं दिली.

"कुठंही घर नसावं," जगदेवी म्हणाली. "सोलापुरात न्हाय असं लिहू नका, साहेब. 'कुठंही' लिहा. आणि माणसाच्या शब्दावर इश्वास ठेवू नका. आधारवरनं बघा."

साहेबांनी लिहून घेतलं. "आणखी?"

"पोटभाडेकरू ठेवायचा न्हाय. घरात नात्याबाहेरचं माणूस आढळलं तर घर परत घ्यायचं."

तो झाला रकाना चौदा.

परतताना बसमध्ये चिमाबाई तिला म्हणाली होती, "जगदेवे, लई कडक केलंस गं."

"भाकरी बी कडकच टिकती," जगदेवी म्हणाली होती. सगळ्याजणी पुणे येईपर्यंत हसत होत्या.

रकाना ९, पुन्हा

सोमवारी सकाळी संगमेशचा फोन आला. संगमेश घरांच्या कचेरीतला क्लार्क. अकरा वर्षांत सहा क्लार्क बदलले, हा सातवा आणि त्यातल्या त्यात माणसासारखा.

"अक्का, जरा येऊन जाता का? एकट्या या."

ती गेली. त्यानं खुर्ची पुसून दिली.

"चहा सांगू?"

"आधी चहा म्हणालास म्हणजे वाईट हाय. बोल."

संगमेशनं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. एकशे बारा नावं हिरवी असायला हवी होती. एकशे अकरा होती.

"तुमचं नाव लाल येतंय. दोनदा तपासलं."

लाल ओळीत सगळं नीट लिहिलं होतं. जगदेवी सिद्धलिंगप्पा तोळनुरे. विधवा. माहेरच्या गावाचं नाव. ग्रामीण घरकुल, मंजूर दोन हजार अठरा. घर पूर्ण.

"ही मी न्हाय," जगदेवी म्हणाली.

"आधार तुमचंच हाय, अक्का."

घर तिला ठाऊक होतं. दोन खोल्या, पुढं कट्टा. अमरेशचं, तिच्या धाकट्या भावाचं घर. घरभरणीला ती भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेली होती आणि पुरणाचे चार होळगे जास्तीचे खाल्ले होते. 'माझ्या तम्माचं घर झालं,' म्हणून इथं गल्लीत साखर वाटली होती.

मग तिला पंचमी आठवली. दोन हजार अठराची. दुसऱ्या दिवशी अमरेश कागद घेऊन आला होता. गावात दोन सह्या, अक्कलकोटला नेऊन कुठल्याशा कचेरीत दोन, एका यंत्रावर अंगठा. "हक्कसोडीचं हाय अक्का," एवढंच तो म्हणाला होता. बापाच्या जमिनीवरचा हक्क बहिणींनी भावासाठी सोडायचा, ही रीतच आहे. सोडतात त्या बहिणीही ते कागद वाचत नाहीत. वाचायला घेतला तर भावाच्या तोंडावर संशय मारल्यासारखं होतं. पुढच्या पंचमीला बोलावणं येईल की नाही, सांगता येत नाही. जगदेवीनं सह्या केल्या होत्या आणि भावानं आणलेली साडी डोक्याला लावली होती. समितीच्या प्रत्येक बैठकीत 'वाचल्याबिगर अंगठा लावाल तर माझ्याशी गाठ हाय' असं ओरडणारी हीच बाई.

"आता?" तिनं विचारलं.

"दोन वाटा," संगमेश आवाज उतरवून म्हणाला. "एक, रकान्यात 'होय' लिहायचं. नाव कटणार. दोन, तक्रार द्यायची, की माझ्या नावानं दुसऱ्यानं फसवून घर उचललं. मग तिकडं चौकशी, घराला सील, गुन्हा. तुमचं नाव मोकळं. पण तक्रार शनिवारच्या हरकतींच्या सुनावणीत नोंदवावी लागंल."

"तिसरी?"

संगमेशनं मान खाली घातली. "तिसरी होती, अक्का. आधी माणसाच्या शब्दावर घ्यायचे. ती तुमीच बंद केली की."

"आणि 'कुठंही' काढून 'शहरात' केलं तर? साहेबांना फोन लावला तर?"

"तुमचा फोन ते घेतील. पण याच रकान्यात सत्तावीस जणांची नावं कटलीत. तुमच्यासाठी दार उघडलं तर ते बी आत येणार. राजेश्वरीबाईंचा पुतण्या हाय त्यात."

चहा आला होता. त्यावर साय धरली होती.

रकाना ६. अर्जदाराचे नातेवाईक

बुधवारी ती एसटीनं गावाला गेली. न कळवता. पंचमी नाही, सण नाही, त्यामुळं दारातल्या ईरम्मानं, भावजयीनं, आधी तिच्या तोंडाकडं बघितलं, कोण गेलं की काय म्हणून.

बाभळीखाली ट्रॅक्टर उभा होता. मागची दोन्ही चाकं नव्हती. सीटवर कोंबडी बसली होती.

अव्वा कट्ट्यावर होती. अक्कम्मा, जगदेवीची आई, वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. पायाच्या आवाजावरून तिनं लेक ओळखली.

"जगी? ऊट आतेनु?" जेवलीस का, हा एकच प्रश्न अव्वा आयुष्यभर विचारत आली होती.

"आतु, अव्वा, जेवले," जगदेवी खोटं बोलली.

अमरेश शेतातून आला. बहिणीचं तोंड बघितलं आणि पाय न धुताच बसला.

"कळलं व्हय," तो म्हणाला.

"तू कधी सांगणार होतास, तम्मा?"

"घर तुझंच आलं होतं. वरनं यादी आली, त्यात तुझं नाव. अकरा सालच्या गरिबांच्या मोजणीत तू हितं होतीस की, त्या मातीच्या खोलीत. विधवा, निराधार, कच्चं घर. माझं नाव न्हवतं, कारण माझ्या नावावर ते बघ, ते लोखंड उभं हाय. तू सोलापुरात. घर परत गेलं असतं. गेलं असतं की न्हाय, सांग?"

"गेलं असतं."

"मातीची भिंत त्याच पावसात बसली. अव्वा कुटं झोपली असती?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, परत कर. तू नियमाची बाई. पेपरात फोटो येतो तुझा." त्यानं डोकं खाजवलं. "वाटलं, बहिणीचं नाव हाय, परक्याचं थोडंच हाय."

"आणि मी ती हक्कसोड समजून सह्या करत बसले."

"ते बी होतं," अमरेश हळूच म्हणाला. "त्या चारातला एक कागद त्योच होता."

जगदेवीला हसू आलं. खरंच आलं. एका पंचमीला, एकाच भावासमोर, एकाच पेननं तिनं जमीन सोडली होती आणि घर घेतलं होतं, आणि दोन्हींतलं तिला काही ठाऊक नव्हतं.

"मग अक्का, हितंच ये की राहायला," अमरेश म्हणाला. "तुझंच घर हाय. कोण नको म्हणतंय?"

आत ईरम्माच्या हातून भांडं पडलं. मग अजून एक.

"हितं येऊन काय करू? भाकरी विकू?"

त्या गावात प्रत्येक घरात कडक भाकरीची चवड होती. विकत घेणं म्हणजे घरची बाई आजारी असल्याची दवंडी.

"मी तक्रार दिली तर?" जगदेवीनं विचारलं.

"दे," अमरेश म्हणाला. "मी जाईन आत. ईरम्मा पोरांना घेऊन तिच्या माहेरी जाईल. अव्वाला तू ने."

"कुठं नेऊ? तीस तारखेनंतर मलाच खोली न्हाय."

अव्वाला निम्मं ऐकू येत होतं, निम्मं नाही. ती एकदम म्हणाली, "जगी, तुझ्या नव्या घराची किल्ली कधी देणार म्हणे? मला एकदा ने. मी हात लावून बघते भिंतीला."

निघताना ईरम्मानं तिच्या पिशवीत वाटेसाठी काहीतरी बांधून दिलं. बसमध्ये जगदेवीनं उघडलं. सहा कडक भाकरी. कडा जाड राहिल्या होत्या.

रकाना ९ (खाडाखोड)

~~नाही.~~

असं लिहिलं तर पडदा लाल आहे तो लालच राहतो, आणि खोटं प्रतिज्ञापत्र म्हणून समितीच्या सचिवावरच, म्हणजे तिच्यावरच, गुन्हा. उद्या पेपरात फोटो येतो. सगळ्या एकशे बारा घरांवर संशय.

~~आहे, पण ते माझ्या नकळत माझ्या भावाने~~

इथं पेन थांबलं. 'भावाने' या शब्दापुढं कुठलं क्रियापद लावायचं? 'फसवले' लिहिलं तर पोलीस लागतात. 'घेतले' लिहिलं तर कोणी विचारतं, मग तुम्ही कुठं होता?

~~अर्जदाराला या अटीतून सूट~~

हे तिनं पूर्ण लिहिलंसुद्धा नाही. सत्तावीस जण डोळ्यांसमोर आले. त्यांच्यातल्या दोघांना तिनंच तोंडावर सुनावलं होतं, "सूट मागायला लाज वाटत न्हाय का?" त्यातली एक बाई रडली होती. तिचंही गावाकडं घर होतं, तिच्या नावावर. तीही म्हणत होती की मला माहीत नव्हतं. जगदेवीनं तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

रकाना १४

शुक्रवारी सकाळी चिमाबाई पीठ उसनं न्यायला आली. चिमाबाई मोहोळकडची, शेतकऱ्याची लेक, समितीतल्या पहिल्या पाचांतली. नवरा मिलच्या बंद दारासारखा घरात पडून, दोन सुना, एक पत्र्याची खोली. चिठ्ठ्यांत तिचा नंबर लागला नव्हता. प्रतीक्षा यादीत ती पहिली होती. कोणाचं नाव कटलं तर तिला घर.

जगदेवीनं थापता थापता सगळं सांगितलं. भाकरी करपली.

चिमाबाई उकिडवी बसली. "मग लाव की खोटी सही. संगमेशला मी बघते. त्याच्या आईला मी वळखते."

"चिमे, माझं नाव राहिलं तर तुझं घर जातंय."

"माझं कुटं हाय जायला? अजून न आलेलं घर जातंय व्हय?"

"मी कटले तर तुला मिळतंय."

"मग असं कर. तू कट. मला मिळू दे. आन् तू माझ्याकडं ये. दोघी एका चुलीवर थापू. तुझा भाऊ बी राहिला, माझ्या सुना बी गप झाल्या. हाय का न्हाय?"

जगदेवी तवा उतरवून बसली. "रकाना चौदा."

"ते काय आनिक?"

"नात्याबाहेरचं माणूस घरात आढळलं तर घर परत."

"कुणी घातलं मुडद्यानं?"

जगदेवीनं करपलेली भाकरी बाजूला टाकली. चिमाबाईला मुंबईची बस आठवली असावी. तिनं कपाळावर हात मारला, तो पिठाचा.

"अगं माझे बाई! सगळी दारं तूच लावलीस व्हय? एखादी खिडकी तरी ठेवायची आपल्यापुरती!"

दोघी हसल्या. मग चिमाबाई हसायची थांबली आणि पीठ न घेताच गेली.

त्या दुपारी जगदेवीनं चार ठिकाणी खोली विचारली. पहिल्या ठिकाणी मालकानं तिचे हात बघितले. तळवे भाजलेले, मनगटं जाड. "भाकरीवाल्या का?" तो म्हणाला. "तुम्हाला तर सरकारनं घरं दिली ना?" दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या ठिकाणच्या बाईनं तिचा पेपरातला फोटो ओळखला आणि अभिनंदन केलं. चौथ्या ठिकाणी तिनं विचारलंच नाही. दारासमोरून परत आली.

हरकती व सूचना

शनिवारी अकरा वाजता समाजमंदिरात सुनावणी होती. सतरंज्यांवर बायका, खुर्च्यांवर त्यांचे जावई. वरती टेबलाला सुनावणी अधिकारी, त्यांच्या शेजारी संगमेश, आणि माइकपाशी यादी वाचायला सचिव म्हणून जगदेवी. यादी समितीनंच वाचायची, सगळ्यांदेखत, म्हणजे आत काही गडबड व्हायला नको. हेही तिचंच.

ती वाचत गेली. नाव, रकाना नऊ, पात्र. नाव, रकाना नऊ, पात्र. प्रत्येक नावामागं एक हुंकार, कुठं टाळी, कुठं डोळ्याला पदर. एकोणचाळीस. चाळीस.

"एक्केचाळीस. जगदेवी सिद्धलिंगप्पा तोळनुरे. रकाना नऊ, होय. अपात्र."

आधी सगळ्या हसल्या. जगदेवी अशी चेष्टा करायची कधीकधी. ती पुढं बेचाळीस वाचायला लागली, तेव्हा हसू मधेच मोडलं.

"थांब!" चिमाबाई उभी राहिली. "हरकत हाय!"

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "कोणाची, कोणावर?"

"माझी. तिच्यावर. बाई खोटं बोलतीया. तिला घर न्हाय."

"मावशी, हरकत घर असल्याची घेतात. नसल्याची नाही."

"मी नसल्याची घेते! अकरा वर्षं बघतीया, ह्या बाईचं तवा आन् परात सोडून काय न्हाय!"

"व्हय, व्हय," मागून आवाज उठले. "न्हाय तिला घर!" एका म्हातारीनं शपथ घ्यायची तयारी दाखवली. एक जावई खुर्चीवरून उठला. अख्खं समाजमंदिर एका बाईला घर नाही म्हणून भांडायला लागलं.

अधिकाऱ्यांनी हात वर केला. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी फाइल बघितली, संगमेशकडं बघितलं आणि माइक स्वतःकडं घेतला.

"जगदेवीताई, नोंद आहे की तुमच्या नावावर घर आहे. ही सगळी मंडळी म्हणतात, नाही. मधे काहीतरी घडलंय, ते मला कळतंय. मी एकच विचारतो. तुमच्या नावाचा कोणी गैरवापर केला, अशी तुमची तक्रार आहे का? आता 'हो' म्हणालात तर मी तुमचं घर राखून ठेवतो. चौकशी होईपर्यंत कोणाला देत नाही."

पंखा फिरत होता. चिमाबाई उभीच होती आणि तिची मान जोरजोरात 'हो' म्हणत होती. तिच्याच घरावर पाणी सोडणारं 'हो'.

जगदेवीला कट्टा दिसला, आणि कट्ट्यावर बसून अंधुक डोळ्यांनी रस्त्याकडं तोंड केलेली अव्वा. 'हो' हा एवढासा शब्द. तो म्हटला की त्या कट्ट्यासमोर जीप थांबते.

"तक्रार न्हाय," ती म्हणाली.

"विचार करून सांगा."

"केलाय, साहेब. सोमवारपासनं तेच करतीया."

त्यांनी संगमेशला खूण केली. संगमेशनं कागद पुढं सरकवला. अपात्रता मान्य असल्याबद्दल. "हितं सही, अक्का," तो कसाबसा म्हणाला.

जगदेवीनं पेन घेतलं नाही. तिनं कागद उचलला आणि वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून. बारीक अक्षरातलं, खालचं, मागच्या पानावरचंही. 'सदर अर्जदारास यापुढे राज्यातील कोणत्याही गृहयोजनेत' या ओळीवर तिचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. एका बाळाला खोकला आला, त्याच्या आईनं ते बाहेर नेलं. शेवटच्या शब्दापर्यंत वाचून तिनं कागद टेबलावर नीट ठेवला आणि सही केली.

मग माइक परत घेतला.

"प्रतीक्षा यादी क्रमांक एक. चिमाबाई."

चिमाबाई खाली बसली होती. तोंडात पदर कोंबला होता. ती हात वर करेना.

"चिमाबाई," जगदेवीनं पुन्हा वाचलं. "हजर असशील तर हजर म्हण. मागं अजून एकाहत्तर जणी हायेत."

"हजर," पदरातून आलं.

"रकाना नऊ, नाही. पात्र." तिनं पान उलटलं. "बेचाळीस."

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीत, घर पूर्ण झाल्याचा सरकारी फोटो काढण्यासाठी अमरेशनं घराच्या पुढच्या भिंतीवर निळ्या रंगात बहिणीचं पूर्ण नाव रंगवून घेतलं होतं, आणि फोटो झाल्यावर त्याच दुपारी त्यावर चुना मारला होता.